निकाल मुलाच्या आधी घरी पोचतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा जुन्या वळणाची बरी की नव्या, या वादात दोन्हीकडचे लोक मुलांच्या मनाची काळजी बोलून दाखवतात. मी शिक्षिका आहे, दोन्ही प्रकारच्या शाळांत शिकवले आहे. चुकलेल्या मुलाचे पुढे काय होते, यावरून मी शाळेची परीक्षा करते.

जुन्या शाळेत पेपर गुणांच्या उतरत्या क्रमाने वाटले जात. शेवटच्या पाच-सहा मुलांची नावे कधी येणार, हे अख्ख्या वर्गाला आधीच ठाऊक असे. छडीचे तर विचारूच नका. शाळेतली शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला साजेशी हवी, असे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात लिहावे लागले, ते उगीच नव्हे.

नव्या शाळेत छडी गेली, तशी सवडही गेली. चाचणीचे गुण तास संपण्याआधी पालकांच्या मोबाइलवर झळकतात. मूल दारात पाऊल ठेवते तो प्रश्न तयार असतो, ‘गणितात काय झालं?’ पूर्वी घरी पोचेपर्यंत मूल मनाशी जुळवाजुळव करी, आधी आईला सांगायचे की बाबांना ते ठरवी. वाईट बातमी आपल्या तोंडाने सांगण्याचे धैर्य त्याच वाटेवर येत असे. आता सांगायला काही उरतच नाही, उरते ती फक्त उलटतपासणी.

इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोमला ‘बालगृह’ नावाची लहान मुलांची शाळा सुरू केली. तिथल्या एका साधनात वेगवेगळ्या मापांच्या लाकडी दट्ट्या, म्हणजे गोल ठोकळे, आपापल्या भोकांत बसवायच्या असतात. एक चुकली की शेवटची बसत नाही. बाईंनी काही बोलायची गरजच पडत नाही, मूल पुन्हा सगळ्या काढते आणि नव्याने बसवू लागते. चूक आधी मुलाच्या हाती लागते, हे मला फार मोलाचे वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 10 ते 19 वयोगटातल्या दर सात मुलांत एकाला मानसिक विकार असतो. त्यांच्यासाठी समुपदेशक हवेतच, त्याबद्दल दुमत नाही. पण रोजचा ताण आपणच वाढवत असू, तर तो आधी थांबवू या. गुण प्रथम मुलाला कळावेत, पालकांना दुसऱ्या दिवशी. ॲपमध्ये एवढा बदल करणे अवघड नाही. पालकसभेत कुणीतरी ही मागणी करावी, आम्ही शिक्षक पाठिंबा देऊ.

आपली,
एक शिक्षिका