चिलापीसाठी तंगूस कुठला, आमिष कुठलं: संत्याला पत्र

प्रिय संत्या,

तुझा मेसेज वाचला. दिवाळीत पोराला घेऊन येतोयस, त्याला गळ टाकायला शिकवायचंय आणि त्यासाठी तू वीस पाउंडाची ब्रेडेड (धागे विणून केलेली) लाईन कार्टमध्ये टाकून ठेवलीयस. ती आधी काढ मर्दा. फोनवर सांगितलं असतं पण तू ऑफिसात असतोस, आणि हे सगळं सवडीनं सांगायचं म्हणून लिहायलाच बसलो.

आपण धरणार काय तर चिलापी (तिलापिया), जमलं तर शिंगटी (मिशांचा काटेरी मासा), आणि नदीतले बारके मासे. म्हणजे तळहाताएवढा मासा, पाव किलो, फार झालं तर अर्धा. पाउंडाला साडेचारशे ग्रॅम धर, तर तुझी लाईन नऊ किलोचा ताण सोसणारी झाली. आता तू म्हणशील तुटत तर नाही ना, मग काय बिघडलं? बिघडतं ते असं की ब्रेडेड लाईन जवळजवळ ताणत नाही, तिची ओढ माशाला लगेच जाणवते, आणि चिलापी आमिष आधी तोंडात घेऊन बघते, जरा काही वेगळं लागलं की लगेच बाहेर टाकते. काठावर बसलेल्याला वाटतं आज मासा येतच नाही, आणि खाली तो दोनदा येऊन गेलेला असतो. माझं मत पक्कं आहे, बारक्या माशाला आमिषाच्या आधी तंगूस, म्हणजे गळाची लाईन, बघायचा.

तर चार पाउंडाचा साधा नायलॉन तंगूस घ्यायचा, जाडी ०.२० मिमीच्या आसपास. बंधाऱ्याच्या दगडात बसणार असू तर सहा पाउंड, त्याच्या वर जायचं नाही. नायलॉन थोडा ताणतो, आणि पोरगं पहिल्यांदा जोरात हिसका देणारच, तो हिसका लाईन खाऊन टाकते. ब्रेडेड जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळं बारक्या माशाचं तोंड फाटून तो सुटतो, शिवाय ती लाईन बोटं कापते, पोराच्या हातात तर नकोच. फ्लोरोकार्बन या दुसऱ्या जातीच्या लाईनचं विचारलंयस. ते पाण्यात कमी दिसतं हे खरं आहे, पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो तो आकडा) १.३३, त्याचा १.४२ आणि नायलॉनचा दीडच्या वर, आकडा पाण्याच्या जितका जवळ तितकं कमी दिसतं, म्हणून. पण पंचगंगेचं पाणी काही काचेसारखं नसतंय, आणि फ्लोरोकार्बन जड असल्यानं बुडतं, मग वरचा हलका फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण) ओढला जातो. आपल्याला त्याचा पैसा घालवायची गरज नाही.

दुकानाच्या दारात उन्हात लटकणारी रिळं मात्र घ्यायची नाहीत, ऊन लागून नायलॉन कमजोर होतो. घरात पडलेलं जुनं रीळ असेल तर शेवटचा हातभर तंगूस नखांच्या मधून ओढून बघ, कुठं खरखरलं की तिथून पुढचा कापून टाक. आणि गाठ आवळायच्या आधी थुंकीनं ओली कर. कोरडी गाठ आवळली की घासून गरम होते, तंगूस तिथंच पांढरट पडतो आणि मासा लागला की नेमका तिथंच तुटतो. कापलेला तंगूस काठावर टाकायचा नाही हे पोराला पहिल्याच दिवशी सांग. बगळ्यांच्या पायाला गुंडाळतो तो, मग ते पाखरू सुटत नाही, तडफडून मरतं. मला ते बघवत नाही. खिशात घालून घरी आणायचा.

गळ दहा किंवा बारा नंबरचा, नंबर वाढला की गळ बारीक होतो हे लक्षात ठेव. लांब दांडीचा असला तर काढायला सोपा.

आता आमिष. गांडूळ कुठल्याही माशाला चालतं, आपल्या गोठ्यामागं शेणखताच्या ढिगाखाली रग्गड मिळतील. अख्खं लावायचं नाही, नखाएवढा तुकडा, गळाचं टोक जेमतेम झाकेल इतका, कारण लोंबणारी शेपटी मासे तोडून नेतात आणि गळ रिकामा वर येतो. चिलापीला कणिकही आवडते. माझं मिश्रण सांगतो, कणिक, त्यात शेंगदाण्याची पेंड बारीक करून, ठेचलेली लसूण, किंचित गूळ, आणि चिमूटभर कापूस पिंजून मळायचा म्हणजे गोळा पाण्यात विरघळून जात नाही. पीठ जरा घट्टच ठेव. हरभऱ्याच्या दाण्याएवढी गोळी बास. गांडूळ कमी पडलं तर दगडावरचं हिरवं शेवाळ गळाला गुंडाळ, चिलापी तेही खाते, ही गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही पण करून बघ. शिंगटीला मात्र गांडूळच, तळाला सोडून, दिवस मावळताना. तिचे काटे लई बेकार, पोराला हात लावू देऊ नकोस.

फ्लोट नुसता थरथरला तर ओढायचं नाही. बाजूला सरकत निघाला की मनगट उचलायचं, तेवढंच.

जागा मी बघून ठेवतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले असले तर वरच्या अंगाला पाणी तुंबून शांत होतं, तिथं काठावर बसू, बंधाऱ्यावर पोराला न्यायचं नाही. नाहीतर प्रयाग चिखलीकडं. तलावावर जायचं झालं तर आधी मासेमारीचा ठेका कुणाकडं आहे ते विचारून घेतो, न विचारता गळ टाकायला मला आवडत नाही. मिळालेली चिलापी घरी न्यायची. ती १९५२ साली बाहेरनं आपल्या देशात आणलेली जात, पिल्लं तोंडात सांभाळते म्हणून भराभर वाढते आणि मूळच्या माशांना जागा उरत नाही. आपल्या नदीतले बारके मासे मात्र ओल्या हातानं सोडून द्यायचे.

येताना फक्त गळ आण, इथं दहा-बारा नंबरचे चांगले मिळत नाहीत. तंगूस, शिसं, फ्लोट माझ्याकडं आहे. गांडुळं सकाळी पोरालाच काढू दे.

तुझा,
राजू