अठरा व्यवसायांच्या यादीत तबला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या अंकात शहरातल्या हस्तकला मेळ्यावर पानभर मजकूर आला होता. संखेड्याचं लाखेचं फर्निचर, छोटाउदेपूरकडचा पिठोरा, कच्छचं भरतकाम, सगळं मायेनं लिहिलं होतं. वाचून बरं वाटलं. पण पान दोनदा खालीवर पाहिलं, वाद्य बनवणाऱ्यांबद्दल एक ओळ सापडली नाही. लिहिणाऱ्याची त्यात चूक नाही. मेळ्यात आमचा गाळाच नव्हता, तर ते लिहिणार काय? आमचा गाळा तिथे का नव्हता, हे सांगण्यासाठी हे पत्र.

मी तबला-डग्गा बनवतो आणि दुरुस्त करतो. वय बासष्ट. आजोबा पंढरपूरकडचे, वारकऱ्यांचे मृदंग करणारे. ते बडोद्याला आले आणि इथलेच झाले. दांडिया बाजारच्या एका गल्लीत आमचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक ओटा, एक माळा आणि भिंतीला टांगलेली खोडं, म्हणजे तबल्याची पोकळ लाकडी अंगं. सुरसागर तळ्यासमोरच्या संगीत कॉलेजची मुलं पायी येतात, तबला काखेत मारून. हे कॉलेज सयाजीराव महाराजांच्या १८८६ सालच्या गायनशाळेतून वाढलं. मौलाबक्ष तिचे प्रमुख होते. पुढे फैयाज खाँसाहेब याच दरबाराचे गायक. बडोद्याच्या गाण्याचा इतिहास आपल्या वाचकांना मी सांगायला नको. एवढंच म्हणतो की, जिथे एवढं गाणं झालं तिथे साथीला तबलाही होता, आणि तो कोणीतरी ओट्यावर बसून मढवलेला होता.

लोकांना वाटतं, लाकडावर कातडं ताणलं की तबला झाला. म्हणून थोडं कामाबद्दल लिहितो.

बकऱ्याचं कातडं भिजवून, साफ करून पुडी, म्हणजे तबल्याचं वाजतं तोंड, करायची. तिचे तीन पदर: खाली भरती, मध्ये मैदानाचं कातडं, वर चाटेचं. भोवती गजरा गुंफायचा, त्याला सोळा घरं. मग पुडी खोडावर बसवून त्या घरांतून वादी, म्हणजे कातड्याची लांब पट्टी, ओवायची आणि तिच्याखाली ताण द्यायला आठ गठ्ठे, म्हणजे लाकडी ठोकळे, सारायचे. वादी ओढताना ती बोटाच्या पेरात रुतते. माझ्या दोन्ही हातांच्या करंगळीजवळ तिचे घट्टे पडले आहेत. वरच्या कातड्याचा मधला भाग कापून काढला की किनार उरते. 'ना' वाजतो तो त्या किनारीवर. इथपर्यंतचं काम शिकायला हुशार मुलाला वर्ष-दीड वर्ष पुरतं.

शाईला, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलाला, तेवढं पुरत नाही. लोखंडाची बारीक काळी भुकटी आणि शिजवलेली खळ मळून लगदा करायचा. खळ आमच्या घरी बायको शिजवते, तिच्या हाताला तिचा दाटपणा कळतो तसा मला कळत नाही. लगद्याचा पातळ थर अंगठ्याने पुडीवर गोल पसरायचा. तो अर्धवट सुकला की गुळगुळीत काळ्या दगडाने घोटायचा. पुन्हा थर, पुन्हा घोटाई, आणि दर थराचा घेर आधीच्यापेक्षा किंचित लहान. घोटता घोटता शाईला तडे जायला लागतात. नवशिका ते पाहून घाबरतो, काम बिघडलं म्हणून. खरं तर ते तडे हवेच असतात. शाई एकसंध राहिली तर कातड्याला धरून बसते आणि आवाज मरतो. तडे इतके बारीक हवेत की डोळ्यांना दिसू नयेत, नखाला तेवढे जाणवावेत. दर दोन थरांनी वाजवून बघायचं. एक थर जास्त झाला तर सूर उतरतो, कमी झाला तर तबला टणटण करतो, गात नाही. मग सगळं खरवडून पहिल्यापासून.

कॉलेजातले एक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक तबला शिकायचे, त्यांनी मला एकदा सांगितलं की सी. व्ही. रामन यांनी १९२० साली यावर शोधनिबंध लिहिला होता. नुसत्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर निघणारे वरचे स्वर, एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्या मृदंगा-तबल्यावर मधोमध शाईचा भार असतो म्हणून ते सुरात येतात. रामन यांनी ते मांडून दाखवलं. त्या दिवशी मी दुकान बंद करून घरी गेलो आणि वडिलांच्या फोटोसमोर हे मोठ्याने बोललो. वडील चौथी शिकलेले होते. पण शाईचा नववा थर लावायचा की नाही, हे ते एका टिचकीत सांगायचे.

आता मूळ गोष्ट.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा अकोट्याच्या बाजूला आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. दुकान वाचलं. पण माल घरी होता, कारण दुकानात जागा नाही. चाळीसएक कातडी, वादीच्या दोन गुंडाळ्या, शिसमाची तयार खोडं, आणि दुरुस्तीला आलेले गिऱ्हाइकांचे अकरा नग. पाणी तीन दिवसांनी उतरलं. भिजलेल्या कातड्याचा वास ज्यानं घेतला आहे त्यालाच कळेल. खोडं सावलीत हळूहळू सुकवली, तरी निम्म्यांना उभी चीर गेली. अकरांतला एक तांब्याचा डग्गा एका मुलीच्या आजोबांचा होता. भांड्याला काही झालं नाही, गाळ धुतला आणि ते पुन्हा लखलखलं. अकराच्या अकरा नग मी पदरचं कातडं घालून मढवून दिले, एक पैसा घेतला नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात बिघडली, तिथे पैसे कसे मागणार? पण त्यात आमची शिल्लक संपली.

तेव्हा शेजाऱ्यांनी पीएम विश्वकर्मा योजनेचं सुचवलं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली ही केंद्राची योजना हातानं काम करणाऱ्यांसाठी आहे. हत्यारांसाठी १५ हजार रुपये, प्रशिक्षणाच्या दिवसांत रोजचे ५०० रुपये, आणि तारणाशिवाय पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाख कर्ज. योजना चांगली आहे, हे मी मनापासून म्हणतो. आमच्याच गल्लीतल्या शिंप्याला तिचा उपयोग झालेला मी पाहिला आहे.

कागद घेऊन मी सेवा केंद्रात गेलो. तिथल्या मुलानं संगणकावर व्यवसायांची यादी उघडली. सुतार, होडी बांधणारे, चिलखत-शस्त्रं करणारे, लोहार, हातोडा आणि अवजारं करणारे, कुलूपवाले, सोनार, कुंभार, मूर्तिकार, चर्मकार, गवंडी, टोपल्या-चटया-झाडू विणणारे, खेळणी करणारे, न्हावी, हार गुंफणारे, परीट, शिंपी, मासेमारीची जाळी विणणारे. अठरा. त्याने यादी वरून खाली आणि खालून वर पाहिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "काका, मोची लखी दऊं? चामडानुं काम तो करो ज छो." त्याचा हेतू चांगला होता. मी नको म्हटलं. सुतार लिहू का, खोड लाकडाचं असतं ना, असंही त्याने विचारलं. तेही नको म्हटलं.

ज्यांच्या हातच्या चपला मी आयुष्यभर घातल्या त्यांचं काम मी कमी लेखत नाही. पण ते मला येत नाही. मी चर्मकार म्हणून नाव घातलं तर तपासणीला येणाऱ्यासमोर चप्पल शिवून दाखवावी लागेल, आणि खऱ्या चर्मकाराच्या वाट्याची हत्यारं माझ्या घरी येतील. रापी आणि लाकडी साचे घेऊन मी करू काय? मला लागतो घोटायचा दगड, गठ्ठ्यांची हातोडी, वादी सोलायचा सुरा आणि चांगल्या कातड्याचे पैसे.

घरी येताना हेच डोक्यात होतं. सरकारला आम्ही माहीत नाही असं नाही. हातानं बनवलेल्या देशी वाद्यांना जीएसटीतून सूट आहे, त्यासाठी वाद्यांची नावानिशी यादी केलेली आहे आणि तीत तबला आहे. माझ्याकडे वस्त्र मंत्रालयाच्या हस्तकला विभागाचं कारागीर ओळखपत्र आहे, त्यावर कला म्हणून वाद्यच लिहिलेलं आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही इथे पेढे वाटले होते. म्हणजे करात सूट देताना आम्ही कारागीर, मानांकन देताना कारागीर, आणि कर्ज मागायला गेलो की यादीत नाही. गावगाड्यात बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार मोजले जायचे, तेव्हा त्यांत देवळात वाजवणाऱ्या गुरवालाही जागा होती.

मेळ्याच्या गाळ्याचंही तसंच झालं. अर्जात माल कोणत्या प्रकारचा ते निवडायचं होतं: कापड, लाकूड, धातू, माती, दागिने, खाद्यपदार्थ. लाकूड निवडलं तर म्हणाले, यावर तर चामडं आहे. चामड्याचा प्रकार नव्हता. दोन फेऱ्या मारल्या, तिसरी मारली नाही. नवरात्र तोंडावर होतं आणि ओट्यावर नाल-ढोलकांची रांग लागली होती, त्यातली गिऱ्हाइकं सोडणं परवडलं नसतं.

तेवढे दिवस सोडले तर आमच्याकडे नवीन तबला घेणारे आता थोडे. बाहेरून बोल्टचे तबले येतात, वादीच्या जागी लोखंडी सळ्या आणि चाव्या. शाळेत लहान मुलांना ते चालतात, उगाच नाव ठेवणार नाही. पण त्यांची पुडी गेली की तेही माझ्याकडेच येतात, आणि पुडी बदलायचे हजार-बाराशे सांगितले की लोक म्हणतात, अहो, ऑनलाइन अख्खी जोडी एवढ्यात मिळते. त्यांना मी पुडी हातात देतो आणि शाईवर नख फिरवायला सांगतो. काहीजण समजतात. एका पुडीला, ऊन चांगलं असलं तर, माझा सगळा दिवस जातो. पावसाळ्यात शाईचं काम होतच नाही, थर सुकत नाही, कातडं सैल पडतं. जून ते सप्टेंबर आम्ही फक्त गठ्ठे ठोकतो आणि वाट बघतो. (वाचकांना एक विनंती यातच करून टाकतो: शाई बदलायची असेल तर तबला मे महिन्यात आणा, गणपतीच्या आदल्या आठवड्यात नको. आणि ओल्या हातानं शाईवर थाप मारू नका.)

मुलगा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात आहे. त्याला काम येतं, रविवारी वादी ओढायला बसतो. पण पावसाचे चार महिने बिनपगारी काढ, असं मी त्याला कोणत्या तोंडानं सांगू? मागे एक मुलगा शिकायला यायचा, हात फार चांगला होता. आठ महिने टिकला. प्रशिक्षणाचे रोजचे ५०० रुपये त्याला मिळाले असते तर तो शाईपर्यंत पोचला असता, असं मला अजून वाटतं.

म्हणून मागणं एकच आहे. विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत 'वाद्य बनवणारे' हा एकोणिसावा व्यवसाय घालावा. तबला, पखवाज, ढोलकी, सतार, तंबोरा, बासरी, सनई, सगळे त्यात येतील. मी संबंधित खात्याला मराठीत आणि गुजरातीत अर्ज लिहिला आहे. पण एका म्हाताऱ्याच्या अर्जानं हे होणार नाही, मला कळतं. आपल्या शहरात एवढी मराठी मंडळं आहेत, भजनी मंडळं आहेत, गाण्याच्या शाळा आहेत. त्यांनी आपापल्या लेटरहेडवर दोन ओळी लिहिल्या तर वजन पडेल. संगीत कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी लिहिलं तर जास्तच. ज्यांना लिहायचं आहे त्यांनी दुकानात यावं, अर्जाच्या प्रती मी काढून ठेवल्या आहेत.

पत्र लांबलं याची जाणीव आहे. जागा कमी पडली तर पुराचा भाग गाळला तरी चालेल, अठरा व्यवसायांची नावं मात्र सगळी छापा. ती यादी वाचल्याशिवाय, तीत आम्ही नाही हे कोणाच्या लक्षात येणार नाही.

आपला,
एक तबला कारागीर
दांडिया बाजार, वडोदरा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)