अपंगत्वाचा टक्का नोंदवता, मग झेपणारे कामही नोंदवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘पेन्शन मिळते ना, मग काम कशाला?’ आणि ‘काम करता ना, मग पेन्शन कशाला?’ बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या दिव्यांगांना आणि जुन्या आजाराने गांजलेल्यांना ही दोन्ही वाक्ये ऐकावी लागतात, कधी कधी एकाच कचेरीत. विचारणाऱ्याच्या मनात वाईट असतेच असे नाही. त्याच्यासमोरच्या दाखल्यावर फक्त टक्का असतो. या माणसाला कोणते काम झेपेल, किती वेळ झेपेल, याची एक ओळही तिथे नसते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे. कर्नाटक राज्याच्या पेन्शनला ४० आणि ७५ टक्के असे दोन टप्पे, तर केंद्राच्या पेन्शनला थेट ८० टक्के लागतात. तपासणीत सांधा किती अंश वळतो, स्नायूची ताकद ० ते ५ मध्ये किती, कानाला किती डेसिबलला ऐकू येते, हे मोजतात. ते मोजायलाच हवे. पण कामाशी त्याचा मेळ बसेलच असे नाही. निपाणीकडे पोलिओने एक पाय लुळा पडलेली बाई मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळू शकते. उलट तर्जनी आणि मधले बोट गमावलेल्या विणकराचा टक्का ४० पर्यंत पोचतच नाही, पण बेळगावच्या वडगाव-खासबाग या विणकर वस्तीतल्या मागावर तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारणे त्याला जमत नाही. त्याचा धंदा गेला आणि पेन्शनही नाही.

दोन व्यंगे असली की लोक सरळ बेरीज करतात आणि दाखला हाती आल्यावर आपल्याला फसवले असे त्यांना वाटते. ४० आणि ३० मिळून ७० होत नाहीत. ठरलेल्या सूत्राप्रमाणे ९० मधून ४० वजा करून उरलेल्या ५० ला ३० ने गुणायचे, ९० ने भागायचे आणि उत्तर ४० मध्ये मिळवायचे. होतात सुमारे ५७. एवढे जरी आधी समजावून सांगितले तरी निम्मी भांडणे मिटतील.

खरी अडचण आहे ती २१ प्रकारांबाहेरच्या आजारांची. मूत्रपिंड निकामी झालेल्याचे आठवड्यातले दोन-तीन दिवस डायलिसिसमध्ये जातात. दर खेपेला चार तास यंत्रावर, वर जाणे-येणे, आणि घरी आल्यावर अंगात त्राण नाही. पण मूत्रपिंडाचा आजार यादीत नाही. जुना दमा, हृदयविकार, क्षयाने खराब झालेले फुप्फुस हेही यादीत नाहीत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत वर्षानुवर्षे वाळूची धूळ खाल्लेला कामगार बसल्या जागी धडधाकट दिसतो. त्याची खरी स्थिती कळायला महागडे यंत्रही लागत नाही. ३० मीटरचा सपाट व्हरांडा, घड्याळ आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर पुरतो. सहा मिनिटे चालवायचे, अंतर लिहायचे, ऑक्सिजन किती उतरला ते लिहायचे. हे तालुका रुग्णालयात सहज होण्यासारखे आहे.

मोजमाप चुकते ते बहुधा दोन ठिकाणी. मागावरच्या कामगाराला पाळी संपताच श्रवणचाचणीला बसवले तर कान तात्पुरते बधिर असतात आणि आकडा वाढीव येतो. मध्ये १६ तास तरी गोंगाटाविना जायला हवेत. दुसरे ठिकाण मानसिक आजाराचे. ‘आयडियाज’ मापनात स्वतःची काळजी, माणसांशी वागणे, संवाद व समज, आणि काम, अशा चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात, त्यात आजाराच्या कालावधीचे १ ते ४ मिळवतात. एकूण ७ झाले की ४० टक्के. म्हणजे एका गुणावर पेन्शन येते किंवा जाते. प्रश्न कन्नडमध्ये आणि समोरचा फक्त मराठी जाणणारा असेल, तर त्याचे गप्प बसणे आजारामुळे की भाषेमुळे, हे कसे ठरवणार? मराठी जाणणारा माणूस तिथे हवाच. आणि घरच्यांना ‘काम करतो का?’ असे मोघम विचारू नये. मागच्या आठवड्यात बाजार कोणी केला, सुटे पैसे कोणी मोजून घेतले, असे विचारावे.

आमची मागणी एका पानाची आहे. दाखल्यासोबत कामाचे पान जोडा. ‘अवजड काम टाळावे’ ही नेहमीची ओळ कुणाच्याच उपयोगाची नाही. अवजड म्हणजे ५ किलोची बादली की ५० किलोचे सिमेंटचे पोते? जमिनीवरून किती किलो उचलता येते, कमरेच्या उंचीवरून किती, सलग किती मिनिटे उभे राहता येते, धूळ, उष्णता, उंची, फिरते यंत्र यांपैकी काय वर्ज्य, औषधाच्या आणि तपासणीच्या वेळा, घरापासून बसथांबा किती दूर, हे लिहा. जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसाला बेळगावात बैठे काम मिळाले तरी सकाळची बस वेळेवर पोचवत नसेल तर ते काम त्याचे नव्हेच. फिट येणाऱ्याला भट्टी आणि पट्ट्याचे यंत्र वर्ज्य, पण पॅकिंग, मोजणी चालते. असे स्पष्ट लिहिले तर मालकही घाबरणार नाही.

रोजगार हमीत कर्नाटकात दिव्यांगांना अर्ध्या मापाच्या कामाला पूर्ण मजुरीची सवलत आहे. मात्र कायक बंधूच्या, म्हणजे कामावर देखरेख करणाऱ्या मुकादमाच्या, हाती असे पान असेल तरच कोणाला पाणी वाटायला ठेवायचे आणि कोणाला माती भरायला, हे तो ठरवू शकेल. पान भरण्याचे पहिले काम ग्रामपंचायतीच्या ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्त्याने घरी जाऊन करावे, डॉक्टरांनी तपासून सही करावी.

शेवटचे आणि महत्त्वाचे: लोक काम नाकारतात ते आळसाने नव्हे, पेन्शन बंद होईल या धास्तीने. उत्पन्न किती झाल्यावर पेन्शन थांबते आणि काम सुटल्यास ती पुन्हा सुरू करायला कोणते कागद लागतात, हे तहसीलदार कार्यालयाने कन्नड आणि मराठीत लिहून प्रत्येक नाडकचेरीत (तहसीलच्या हाताखालच्या, काही गावांच्या महसूल कचेरीत) लावावे. कामाच्या पानावर फेरतपासणीची तारीखही असावी, कारण आजार वाढतो तसा उतारही पडतो.

आपले,
सीमाभागातील काही पुनर्वसन कार्यकर्ते व आरोग्यसेवक
खानापूर-बेळगाव