ॲडव्हेंचर मोटरसायकलची परीक्षा उभ्यानेही घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यम आकाराच्या ॲडव्हेंचर मोटरसायकलींची, म्हणजे पक्क्या आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर लांब नेता येणाऱ्या उंच गाड्यांची, तुलना आली होती, ती मन लावून वाचली. इंजिनाची ताकद, टॉर्क, सस्पेन्शन, रायडिंग मोड, सगळं व्यवस्थित दिलं होतं. पण लेख वाचून झाल्यावर माझ्या भाचीने मला जे विचारलं, त्याचं उत्तर मात्र त्यात सापडलं नाही. ती म्हणाली, "मावशी, गाडी चांगली आहे हे कळलं. पण ती मला झेपेल का? आणि मी जिथे जाते तिथे तिचा खरंच उपयोग होईल का?" या वर्गातली गाडी घ्यायला निघालेल्या बहुतेकांच्या मनात हेच असतं, म्हणून हे पत्र.

मी स्वतः बरीच वर्षं सुझुकीची व्ही-स्ट्रॉम 650 चालवते. माझी उंची पाच फूट तीन इंच. रोजच्या कामाला, एकटीने लांब पल्ल्याला, कधी मागे माणूस आणि बाजूला पेट्या लावून, अशी सगळ्या तऱ्हेने ती चालवली आहे. या गाड्यांवर माझा मनापासून जीव आहे आणि कुणी त्या घेऊ नयेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. मला म्हणायचंय ते एवढंच की या गाड्यांची परीक्षा पळताना घेतली जाते, आणि घेणाऱ्याची फसगत होते ती गाडी उभी असताना.

मुळात 'मध्यम आकार' हा शब्द फार सैल वापरला जातो. रॉयल एनफिल्डची 452 सीसीची हिमालयन मध्यम, यामाहाची 689 सीसीची टेनेरे 700 मध्यम आणि होंडाची 755 सीसीची ट्रान्सअल्पही मध्यमच. ताकदीत यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हिमालयनचं एक सिलिंडरचं इंजिन 40 पीएस (अश्वशक्तीचं माप) देतं, तर ट्रान्सअल्पचं दोन सिलिंडरचं इंजिन त्याच्या दुपटीहून अधिक. वजन बघावं, तर हिमालयन 196 किलो, टेनेरे साधारण 205, ट्रान्सअल्प 208. म्हणजे लहान इंजिन घेतलं म्हणून गाडी हलकी मिळेल, हा हिशोब या वर्गात चालत नाही. बीएमडब्ल्यूच्या 249 किलोच्या आर 1250 जीएसशेजारी या सगळ्या हलक्या वाटतात खऱ्या, पण तुम्ही आजवर जी गाडी चालवत आलात, तिच्याशी तुलना करा. दीडशे किलोच्या गाडीवरून येणाऱ्याला हे पन्नास किलो पहिल्याच वळणावर जाणवतात.

वजनाचा आकडा वाचतानाही जपावं लागतं. काही ठिकाणी कोरडं वजन छापतात, काही ठिकाणी तेल-पेट्रोलसकट. पेट्रोलचं वजन लिटरला पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे 16 लिटरची टाकी भरली की 12 किलो वाढले. शिवाय ते वाढतात टाकीत, म्हणजे अगदी वरच्या बाजूला. टाकी अर्धी असताना मी जी गाडी सहज मागे ढकलते, तीच काठोकाठ भरलेली असली की हातांना वेगळी लागते.

आता उंचीचं. टेनेरेची सीट 875 मिमीवर आहे. हिमालयनची 825 मिमीवर, आणि ती वर-खाली करता येते. एवढं वाचून लोक निर्णय घेऊन टाकतात. पण आकडा एकटा काही सांगत नाही. सीट पुढे निमुळती आहे की रुंद, यावर पाय जमिनीकडे सरळ उतरतो की फाकतो हे ठरतं. बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं, तेही महत्त्वाचं. होंडाच्या सीआरएफ 300 एलची सीट टेनेरेपेक्षाही उंच, 880 मिमी. पण गाडी 142 किलोची आणि सस्पेन्शन मऊ. ती कलली तर माझ्यासारखीला मांडीच्या जोरावर सावरता येते.

कलणं म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण चाचणीच्या लेखात ते कधीच येत नाही. वळणापुढे रांग लागली आहे. तुम्ही कडेला सरकून थांबता. उजवा पाय ब्रेकवर, डावा टेकवायला काढता. कडेचा भाग उतरता असतो किंवा तिथे खडी असते, म्हणून जमीन अपेक्षेपेक्षा चार बोटं खाली निघते. तोवर गाडी डावीकडे झुकायला लागलेली असते. थोड्या अंशांपर्यंत काही वाटतही नाही. मग एका क्षणी सगळं वजन हँडलमधून मनगटात उतरतं आणि त्या क्षणानंतर गाडी धरून ठेवणं कुणाच्याच हातात राहत नाही. अशा वेळी उंच माणसाचा गुडघा वाकलेला असतो, त्याला जोर लावायला जागा असते. माझ्या उंचीच्या माणसाचा पाय आधीच ताठ असतो. म्हणून मी थांबायच्या आधी जागा हेरते, सीटवरून डावीकडे सरकते आणि एकच पाय पूर्ण टेकवते. सवयीने हे जमतं, अगदी छान जमतं. पण ज्याला रोज शंभर वेळा थांबत-निघत जायचं आहे, त्याने ही सवय आपल्याला हवी आहे का, हे आधी ठरवावं.

गाडी खाली करून घेण्याचा उपायही सांगितला जातो. मागच्या सस्पेन्शनची लिंक, म्हणजे जोडपट्टी, बदलली की सीट उतरते, पण त्याबरोबर जमिनीपासूनचं अंतरही घटतं, म्हणजे ज्यासाठी ही गाडी घेतली तेच थोडं कमी होतं. शिवाय साइड स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ उभीच राहते आणि जरा धक्का लागला की पलीकडे जाते. स्टँडही कापून घ्यावा लागतो. कमी उंचीची सीट मिळत असेल तर आधी ती लावून बघावी.

दुसरी गोष्ट ओझ्याची. प्रत्येक गाडीला कमाल एकूण वजनाची मर्यादा असते. ती पुस्तिकेत लिहिलेली असते, तरी कुणी वाचत नाही. समजा मर्यादा 380 किलो आहे आणि पेट्रोलसकट गाडी 205 किलो. उरले 175. चालवणारा आणि मागचा मिळून कपडे-हेल्मेटसह 150. तीन पेट्या आणि त्या अडकवायच्या चौकटी रिकाम्याच 20 किलोच्या घरात जातात. म्हणजे दोघांच्या सामानाला राहिले पाच किलो! जाहिरातीतल्या फोटोत मात्र दोन माणसं, तिन्ही पेट्या आणि वर बांधलेला तंबू असतो. जोडीने फिरायचं असेल तर हा हिशोब कागदावर मांडूनच पुढे जावं. ओझं चढलं की मागचं सस्पेन्शन बसतं, पुढचं चाक हलकं होतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. प्रीलोड, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवला की हे बरंचसं सुधारतं. माझ्या गाडीला त्यासाठी हाताने फिरवायचा नॉब आहे, म्हणून मी ते करते. ज्या गाड्यांना पाना लागतो, त्यांचे मालक सहसा करत नाहीत असंच पाहिलंय.

आता या गाड्यांचं मोठं आकर्षण, कच्चा रस्ता. बीएमडब्ल्यूने 1980 साली आर 80 जी/एस आणली, पुढच्याच वर्षी ह्युबेर ऑरिओल या फ्रेंच स्वाराने बीएमडब्ल्यूवर पॅरिस-डाकार ही वाळवंटातली लांब पल्ल्याची शर्यत जिंकली. 1983 मध्ये यामाहाने सहारातल्या टेनेरे वाळवंटाचं नाव आपल्या एक्सटी 600 झेडला दिलं. मोठ्या गाडीवरून वाळवंट तुडवायचं हे चित्र तिथून आलं आणि आजवर मनातून गेलेलं नाही. पण त्याच डाकारमध्ये 2011 पासून मोटरसायकलींना 450 सीसीची मर्यादा आहे. जगातले सगळ्यात तरबेज स्वार आज त्या शर्यतीत एका सिलिंडरच्या गाड्यांवर उतरतात.

ओल्या चिखलात आणि खोल वाळूत दोनशे किलोची गाडी एकट्याने नेण्यात मला आनंद नाही, हे मी स्पष्ट सांगते. गाडी आडवी झाली की उचलायचं तंत्र असतं. हँडल पूर्ण वळवायचं, पाठ गाडीला टेकवायची आणि पायांच्या जोरावर मागे-मागे चालत ती उभी करायची. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे पलीकडे जाणार नाही. डांबरावर हे जमतं. चिखलात बूटच घसरतात, आणि दुसऱ्यांदा उचलताना अंगात त्राण राहत नाही. ज्यांना असेच रस्ते हवे आहेत, त्यांच्यासाठी 142 किलोची गाडी अधिक शहाणपणाची. नाहीतर नाकापेक्षा मोती जड व्हायचा.

पण उखडलेलं डांबर, खडीचा रस्ता, मध्येच तुटलेला पूल आणि त्याखालून काढलेली वाट? तिथे ही गाडी राणी आहे. दोनशे मिलिमीटरच्या आसपास हलणारं सस्पेन्शन, रुंद हँडल, फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून चालवता येईल अशी ठेवण. खड्डा दिसल्यावर पोटात गोळा येत नाही. सात-आठ तास चालवूनही कंबर धरत नाही. या गाडीवरून मी ज्या रस्त्यांनी गेले, त्या रस्त्यांनी साध्या गाडीवरून मी कदाचित गेलेच नसते. त्या सुखासाठी मी उंचीचं आणि वजनाचं सगळं सोसते, आणि आनंदाने सोसते.

चाकांबद्दल आपल्या लेखात एकच ओळ होती, ती मला फार अपुरी वाटली. पुढचं चाक 21 इंची असलं की खड्ड्यावरून, दगडावरून सहज जातं, पण डांबरावर वळताना जरा सुस्त वाटतं. 19 इंची मधलं. कावासाकीच्या व्हर्सिस 650 ला तर दोन्ही चाकं 17 इंची आहेत, म्हणजे ती उंच बसणीची रस्त्यावरचीच गाडी आहे, आणि त्या कामाला उत्तम आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे टायरमध्ये ट्यूब आहे की नाही. टेनेरे 700 ला तारांची ट्यूबवाली चाकं आहेत. दगडावर तारांचं चाक मार सोसतं हे खरं. पण पंक्चर झालं तर? ट्यूबलेसमध्ये खिळा उपटायचा, रबरी दोरी खुपसायची, हवा भरायची, की निघाले. ट्यूबच्या मागच्या चाकाला आधी गाडी टेकू देऊन उभी करा, सेंटर स्टँड नसेल तर दगड शोधा. मोठ्या पान्याने ॲक्सलचा नट सोडवा, चेन उतरवा, चाक काढा, टायर रिमपासून सुटेपर्यंत त्यावर नाचा, लिव्हर घालून ट्यूब बाहेर काढा. परत बसवताना लिव्हरच्या टोकात ट्यूब चिमटली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे मी मैत्रिणीच्या गाडीवर तिच्याबरोबर भर उन्हात केलंय. शिकण्यासारखं आहे, पण एकटीने फिरणाऱ्या माणसाला हे गाडी घेण्याआधी माहीत असायलाच हवं.

ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागच्या जागी घसरत फिरू न देणारी यंत्रणा) आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांच्या मोडवर आपण अर्धं पान दिलंत. कच्च्या रस्त्यावर मागचं एबीएस बंद करता येतं का, एवढं कळलं तरी बहुतेकांचं भागतं.

भाचीला मी सांगितलंय की शोरूममध्ये गाडी चालवून बघायच्या आधी ती बंद करून हाताने ढकलून बघ. मागे घे, पूर्ण हँडल वळवून अरुंद जागेत फिरव, सेंटर स्टँड असेल तर त्यावर चढव. मग रोज ज्याला मागे बसवतेस त्याला घेऊन जा. आणि गेल्या वर्षभरात तू खरोखर कुठे-कुठे गेलीस ते लिहून काढ. कुठे जायची इच्छा आहे, ते वेगळ्या पानावर लिही. तिचं पहिलं पान ऑफिसच्या वाटेने आणि जोडीने केलेल्या लांबच्या हमरस्त्याच्या फेऱ्यांनी भरलं. दुसऱ्या पानावर डोंगर आहेत. दोन्ही पानं खरी आहेत, म्हणून ती अजून विचार करते आहे.

तेव्हा आपल्याला विनंती आहे. पुढच्या तुलनेत गाडीचं वजन पेट्रोलसकट द्या, आणि कमाल एकूण वजनाची मर्यादा त्याच्या शेजारी. चाकात ट्यूब आहे की नाही ते लिहा. मागे माणूस आणि पेट्या भरून निदान एक दिवस चालवा. चाचणी घेणाऱ्याची उंची आणि पायांची आतल्या बाजूची लांबी छापा, कारण सहा फुटी माणसाने लिहिलेलं "सीट आरामशीर आहे" माझ्या काही कामाचं नाही. आणि शक्य असेल तर सव्वापाच फुटांच्या आतल्या एखाद्या चालकालाही तीच गाडी द्या आणि उतरत्या कडेला थांबताना त्याला काय वाटलं, ते त्याच्याच शब्दांत येऊ द्या.

आपली,
एक नियमित वाचक