काढा आणि गोळ्या, एकाच वहीत

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलेलं अर्धं वाऱ्यावर जातं, म्हणून लिहून पाठवतेय. कागद औषधांच्या डब्यातच ठेवा. वैद्यांचं बंद करा, असं यात कुठेही नाही. पण डॉक्टरांना काढ्याचा पत्ता नाही आणि वैद्यांना गोळ्यांचा, हे आता पुरे.

आई, आधी तुझे गुडघे. दोन चमचे तिळाचं तेल वाटीत घे आणि वाटी गरम पाण्यात ठेव. गॅसवर धरलंस तर नको इतकं तापतं. गुडघ्याच्या वाटीवर न दाबता तिच्याभोवती दहा मिनिटं हलकं चोळ. मग परसातल्या निगडीचा (निर्गुंडीचा) दोन मुठी पाला तव्यावर थोड्या तेलात परतून सुती फडक्यात बांध. पुरचुंडी आधी बाबांच्या मनगटाला लावून बघायची, तुझ्या नाही. मधुमेहात कातडीची जाणीव बोथट होते, पावलांपासून सुरू होऊन वर चढते. भाजलं तरी कळत नाही, मागाहून फोड दिसतो आणि जखम लवकर भरत नाही. म्हणून गुडघ्याच्या खाली शेक नाहीच, गरम पाण्याची पिशवीसुद्धा नाही.

शेकाने आलेला मोकळेपणा थोडा वेळच टिकतो, तेवढ्यात व्यायाम उरकायचा. खुर्चीवर ताठ बस, एक पाय समोर सरळ कर, मांडी आवळून मोठ्याने पाच मोज, सावकाश खाली घे. दहा वेळा, मग दुसरा पाय. सकाळ-संध्याकाळ. मोठ्याने अशासाठी, की मनात मोजताना श्वास कोंडला जातो आणि बीपी चढतं. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याला आधार मिळतो. ते काम तेलाचं नाही. गुडघा लाल, गरम, टम्म असेल त्या दिवशी तेलही नको, शेकही नको. आणि एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर ती चोळायची नाही. आत रक्ताची गुठळी असली तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते. सरळ दवाखाना गाठा.

कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड याही साखर थोडी उतरवतात. त्यात तुझी ग्लिमेपिराइडची गोळी पोटात अन्न असो-नसो इन्शुलिन सोडायला लावते. तिन्ही एकत्र, वर एकादशी, म्हणजे दुपारी घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. उपवास असेल तर ती गोळी घ्यायची की नाही, हे आदल्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारून ठेव. साखर ७०च्या खाली गेली तर तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. लाडू नको, तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. अमृत कोकम, म्हणजे कोकमाचं गोड सरबत, एरवी तुला वर्ज्य, पण त्या घडीला चालेल.

बाबा, आता तुमचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारा रस. पित्तावर रोज आगळाचं पाणी पिता, आणि बीपीची गोळी लागू पडत नाही म्हणता! आगळ टिकावं म्हणून त्यात मीठ सढळ हाताने घातलेलं असतं. दिवसभराचं सगळं मीठ मिळून पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे एक लहान चमचा. त्यात सुकटही आली, लोणचंही आलं. कोकम हवंच तर मीठ न लावता वाळवलेलं भिजवून घ्या. खोकल्याच्या काढ्यात ज्येष्ठमध असेल तर तो रोज नको. त्याने शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं, बीपी वाढतं. मग डॉक्टर गोळीचा डोस वाढवतात, आणि काढा थांबला की पुढे बीपी नको इतकं उतरून चक्कर येऊ शकते. आमटीतली लसूण-हळद खुशाल खा. त्यांच्या कॅप्सूल मात्र रक्त गोठू न देणाऱ्या क्लोपिडोग्रेलच्या गोळीबरोबर नकोत, रक्त थांबायला वेळ लागतो. दात काढायचा झाला तर क्लोपिडोग्रेल आपल्या मनाने बंद करू नका, आधी विचारा. इसबगोल गोळ्यांच्या दोन तास मागे-पुढे, आणि पेलाभर पाण्याबरोबरच. कमी पाण्यात ते घशातच फुगतं.

मिरग तोंडावर आलाय. लावणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर काढा पिऊन तीन दिवस बघायचं नाही. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा ताप) असला तर मूत्रपिंड आणि यकृत धरतो, आणि अँटिबायोटिक लवकर सुरू केलं तरच त्याचा खरा उपयोग. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, चिखलात उतरला होता हेही सांगा. इथे मला दोन्ही पद्धतींचा मेळ वगैरे काही नको.

एक वही करा. औषधाचं नाव, किती, केव्हा, कोणी दिलं. गोळी, काढा, चूर्ण सगळं त्यातच. नाव न लिहिलेली पुडी घेऊ नका, वैद्यांना नाव लिहून द्यायला सांगा. विकतच्या डबीवर परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत बघा. भस्म असेल तर आधी मला फोटो पाठवा, काहींत पारा किंवा शिसं असतं.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना वहीबरोबर पुड्याही पिशवीत घ्या. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी) काढाल तेव्हा क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची तपासणी) काढून घ्या, सुई एकदाच टोचेल.

तुमची,
धाकटी