कार्यक्रमात छापलेलं आझाद हिंद सेनेचं स्मारक न दाखवल्याबद्दल तक्रार

बेळगाव,
२३ जून

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सिंगापूर विमानतळावरील थांब्यात घेतलेल्या नगरदर्शन सहलीतून ठरलेलं ठिकाण वगळल्याबद्दल व पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

मी आणि माझे आई-बाबा १८ मार्चच्या रात्री बेंगळूरहून सिंगापूरमार्गे मेलबर्नला, धाकट्या भावाकडे गेलो. सिंगापूरला सकाळी ६.१० ला उतरायचं आणि दुपारी ३.२० ला पुढचं विमान, मध्ये नऊ तास. या नऊ तासांसाठी तुमच्या बेळगावातल्या एजंटाकडून आम्ही गाइडसह चार तासांची नगरदर्शन सहल घेतली. माणशी ६,५०० रुपये, तिघांचे १९,५००. पावती आणि तुम्ही दिलेला छापील कार्यक्रम सोबत जोडला आहे.

त्या कार्यक्रमात मर्लायन पार्क आहे, एस्प्लनेड पार्कमधलं आझाद हिंद सेनेचं स्मारक आहे, लिटल इंडिया आहे आणि शेवटी ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’ आहे. यातली स्मारकाची ओळ नसती तर आम्ही तुमच्याकडे आलोच नसतो. चांगी विमानतळावर साडेपाच ते चोवीस तास थांबा असलेल्या प्रवाशांना अडीच तासांची नगरफेरी मोफत मिळते, हे भावानं आधीच कळवलं होतं. मर्लायन तर त्यातही बघायला मिळाला असता. पण त्या फेरीत स्मारक आम्हाला कुठं दिसलं नाही आणि तुमच्या कागदावर ते ठळक अक्षरांत होतं. म्हणून फुकटचं सोडून आम्ही पैसे मोजले.

त्या एका ओळीचं एवढं काय, असं तुमच्या कार्यालयात कुणाला वाटत असेल तर ते सांगायलाच हवं. बाबा ७८ वर्षांचे आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि बेळगावातच, मराठा सेंटरपासून जवळ घर करून राहिले. त्यांचे थोरले चुलते खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून १९४० साली ड्रायव्हर म्हणून फौजेत भरती झाले आणि पलटणीबरोबर मलायात गेले. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. दोनच दिवसांनी, १७ तारखेला, फॅरर पार्कच्या मैदानात हजारो हिंदी सैनिकांना जपान्यांच्या ताब्यात दिलं गेलं. त्यातल्या कितीतरी जणांनी पुढं आझाद हिंद सेनेची वाट धरली. आमचे थोरले आजोबा त्यांच्यात होते, एवढंच लढाईनंतर परत आलेल्या त्यांच्या एका सोबत्यानं घरी येऊन पणजीला सांगितलं. ते स्वतः आले नाहीत. कुठं गेले, कधी गेले, काहीच कळलं नाही. श्राद्धाला तिथीच नाही, म्हणून आमच्या घरी आजही सर्वपित्रीला त्यांचं पान वाढतात. बाबा त्यांना कधी भेटलेले नाहीत, पण ते पान बाबाच वाढतात.

आणि त्या स्मारकाची कहाणीही तशीच आहे. ८ जुलै १९४५ ला नेताजींनी त्याची पायाभरणी केली. काही आठवड्यांत इंग्रज सिंगापूरला परतले आणि सप्टेंबरात त्यांनी ते पाडून टाकलं. पुढं १९९५ साली सिंगापूरच्या वारसा मंडळानं त्या जागेची खूण म्हणून तिथं पुन्हा स्मारक उभारलं. ज्या माणसाची राख घरी आली नाही, त्याच्या नावानं एकदा तिथं उभं राहायचं, एवढंच बाबांच्या मनात होतं. मी हे सगळं तुमच्या एजंटाला बुकिंगच्या वेळी सांगितलं होतं. ‘सुभेदारसाहेबांना तिथं वीस मिनिटं देऊ, निवांत सॅल्यूट करू देत,’ असं तो बाबांसमोर म्हणाला होता.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगते. वेळा मी आठवणीनं लिहीत नाही, मोबाइलवर काढलेल्या फोटोंवरून लिहिते आहे.

विमान वेळेवर उतरलं. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आणि पुढचं पक्कं तिकीट हातात असल्यामुळे भारतीय प्रवाशांना काही अटींवर सिंगापूरमध्ये ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं, ही तुमची माहिती बरोबर निघाली, तेही नोंदवते. ७.२० ला आम्ही बाहेर होतो. गाइड ७.४५ ला भेटायचा होता. बाबा तेवढ्यात विमानतळावरच्या स्वच्छतागृहात गेले आणि कोट घालून, त्यावर आपली मेडलं लावून बाहेर आले. रात्रभर न झोपलेला माणूस, पण दाढी केलेली, बूट रुमालानं पुसलेले. आई त्यांच्याकडे बघतच राहिली. या वेशात ते ८.३५ पर्यंत, पाऊण तासाहून जास्त वेळ, उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत, कोट चुरगळेल म्हणून.

मराठी बोलणारा गाइड देऊ, असं कार्यक्रमाच्या पहिल्याच पानावर छापलं आहे. आली ती मुलगी इंग्रजीशिवाय काही बोलत नव्हती. बाबांचं फौजेतलं इंग्रजी चालून जातं, पण आईला मराठी आणि बाजारापुरतं कन्नड येतं. तीन तास मी दुभाष्याचं काम केलं. त्या मुलीवर माझा राग नाही. ती नम्र होती, आईचा हात धरून तिनं तिला गाडीत चढवलं. हातात दिलेलं काम ती करत होती.

९.०५ ला आम्ही मर्लायनपाशी पोचलो. तिनं माहिती चांगली सांगितली : हा सिंहमुखी मासा ८.६ मीटर उंच आहे, १९७२ साली बसवला, पुढं एस्प्लनेड पूल झाल्यावर समोरचं पाणी झाकलं गेलं म्हणून २००२ मध्ये इथं हलवला. तो पूल आमच्या डोळ्यांसमोर होता. आणि पुलाच्या पलीकडं, झाडांची रांग दिसत होती तिथं, एस्प्लनेड पार्क. मी मोबाइलवर नकाशा उघडून बघितला, चालत दहा मिनिटांची वाट. बाबांच्या चालीनं पंधरा. मी गाइडला विचारलं, आता तिकडं जायचं ना? तिनं आपल्या हातातला कागद बघितला आणि म्हणाली, असं ठिकाण यादीत नाही.

मी तो कागद मागून घेतला आणि त्याचा फोटो काढला. फोटो सोबत आहे. तुमच्या बुकिंग क्रमांकाची, तुमच्याच नावाची यादी. त्यात मर्लायन आहे, दुकानाचं नाव आहे, दुकानापुढं ‘१०.०० ते ११.००’ अशी वेळ आहे, ‘लिटल इंडिया, गाडीतून’ असं आहे. स्मारक नाही. म्हणजे स्मारक त्या दिवशी राहून गेलं नाही. ते आधीच काढलं होतं, आणि आम्हाला विकताना मात्र कागदावर ठेवलं होतं. माझी खरी तक्रार ही आहे.

मी विनंती केली की आम्हा तिघांना इथंच सोडा, आम्ही चालत जाऊन येतो, परत जाताना घ्या. गाडीत अकरा प्रवासी होते, त्यातल्या कोल्हापूरच्या जोडप्यानंही आमच्या वतीनं सांगून बघितलं. तिनं फोन लावला. पलीकडून नकार आला. कारण गाडीला दुकानात ‘सगळ्या प्रवाशांसह’ पोचायचं होतं. हे तिनं ओशाळून सांगितलं.

दुकानाशी आम्ही ९.४० ला पोचलो. दुकान बंद होतं. दहाला उघडतं. वीस मिनिटं आम्ही दुकानाच्या बंद दारासमोर उभे होतो, महोदय, आणि वीस मिनिटंच बाबांना हवी होती. त्यानंतर १०.५५ पर्यंत आत : चॉकलेटं, अत्तरं, गुडघ्याला चोळायची तेलं. विक्रेते एकामागून एक येत होते. आई दाराजवळच्या स्टुलावर बसून राहिली. बाबा आत आलेच नाहीत. मी बाहेर आले तेव्हा ते गाडीत बसून कोटावरची मेडलं एकेक करून काढत होते. पिन बोटाला टोचली होती, तरी घाई न करता, एक काढायचं, रुमालावर ठेवायचं, मग दुसरं. सगळी झाल्यावर रुमालाची घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. मला म्हणाले, ‘असू दे. तू त्या पोरीशी भांडू नकोस.’

लिटल इंडियात गाडी थांबली नाही. त्या बाजूनं जाताना ‘फॅरर पार्क’ अशी मेट्रोची पाटी दिसली. बाबांनी माझा हात धरला, ‘हेच का ते मैदान?’ मी गाइडला विचारलं, तिला ठाऊक नव्हतं. पाटी मागं गेली.

११.४० ला आम्ही विमानतळावर परत होतो. सामान थेट मेलबर्नपर्यंत गेलेलं, पुढचे बोर्डिंग पास हातात. विमान ३.२० ला. जवळजवळ पावणेचार तास आम्ही बाकावर बसून काढले. परतीच्या प्रवासात सिंगापूरला जेमतेम दोन तासांचा थांबा होता, बाहेर पडणं शक्यच नव्हतं.

मेलबर्नहून मी दोनदा ई-मेल केली. दुसऱ्या मेलला तुमच्याकडून उत्तर आलं की वाहतूक कोंडीमुळे वेळ कमी पडल्यानं एक ठिकाण ‘ऐनवेळी’ वगळावं लागलं. हे खरं नाही. गाइडच्या यादीत ते आधीपासूनच नव्हतं, आणि कोंडी असती तर आम्ही वीस मिनिटं बंद दुकानासमोर उभे राहिलो नसतो. चूक झाली असं लिहिलं असतंत तर कदाचित मी हे पत्र लिहिलं नसतं.

आणखी एक. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड भरण्यासाठी तुम्ही माणशी ९०० रुपये ‘शासकीय शुल्क’ म्हणून घेतले. हे कार्ड ऑनलाइन भरायला सिंगापूर सरकार एक पैसाही घेत नाही. फॉर्म भरून देण्याची मजुरी म्हणून पैसे घ्यायचे असतील तर तसं सांगून घ्या. सरकारच्या नावावर घेऊ नका. आमच्याकडची कितीतरी म्हातारी माणसं आता मुलांकडे परदेशी जातात, त्यांना यातलं काही माहीत नसतं, तुमच्या पावतीवर विश्वास ठेवून ती पैसे देतात.

तेव्हा सहलीचे १९,५०० आणि कार्डाचे २,७०० असे एकूण २२,२०० रुपये परत मिळावेत, ही माझी मागणी आहे. त्याचबरोबर स्मारक यादीतून कुणी आणि केव्हा काढलं, याचं लेखी उत्तर हवं. आणि तुमच्या छापील कार्यक्रमात ती ओळ आजही आहे. गेल्या आठवड्यात मी एजंटाच्या टेबलावर नवीन प्रत बघितली. एक तर प्रवाशांना तिथं न्या, नाही तर ती ओळ काढा. सैनिकांची घरं या भागात गावोगाव आहेत, ती ओळ वाचून आणखी कुणी तरी पैसे भरेल.

हे पत्र पोचल्यापासून १५ दिवस वाट बघेन. तुमच्या अटींत न्यायक्षेत्र मुंबई लिहिलं आहे, पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. बेळगावचा आयोग आम्हाला जवळ आहे. कोल्हापूरच्या जोडप्यानं लेखी जबाब द्यायची तयारी दाखवली आहे. पण तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण बाबांना या वयात तारखांना उभं करायची माझी इच्छा नाही.

कृपया उत्तर टपालानं आणि मराठीत पाठवावं. ते बाबा स्वतः वाचणार आहेत.

कळावे,
आपली ग्राहक,
कॅम्प, बेळगाव

सोबत : पावतीची प्रत, छापील कार्यक्रम, गाइडकडील यादीचा फोटो, वेळेसह ९ फोटो, आपल्या ई-मेलची प्रत.