फराळाला दर वेळी मीच का यायचे?

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

आठ महिने पत्र नाही, याबद्दल तू मनात ज्या शिव्या दिल्या असशील त्या सर्व मान्य. गुडघा बरा आहे, साखर आटोक्यात आहे. लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने.

बॉस्टन शहरातील कृष्णवर्णीय आणि इतर मुलांना उपनगरांतील सरकारी शाळांत आणणाऱ्या ‘मेटको’विषयी मी मागे कळवले, तेव्हा ‘आमच्या खासगी शाळांतल्या गरीब मुलांच्या २५ टक्के राखीव जागांसारखेच की’ म्हणून तू मला उडवून लावले होतेस. तसे ते नाही. तिकडे शाळांवर कायद्याची सक्ती आहे. इथे १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने डेट्रॉइटच्या खटल्यात उपनगरांना अशा सक्तीतून जवळजवळ मोकळेच केले, त्यामुळे गाव राजी असेल तरच मुले येतात. १९६६ साली रूथ बॅटसन आणि इतरांच्या खटपटीने ७ गावांत २२० मुले जाऊ लागली, आज सुमारे ३,००० जातात. सिएटल आणि लुईव्हिल यांनी आपणहून आखलेल्या योजना तर २००७ मध्ये त्याच न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी मोडीत काढल्या, कारण त्यांत एकेका मुलाचा वंश पाहून प्रवेश ठरत होता. अशा दिवसांत आमचे गाव मुले घेते, याचा मला अभिमान होता आणि त्या भरातच आम्ही एका मुलाचे यजमान झालो.

बास्केटबॉलचा सराव लांबला की तो आमच्याकडे थांबतो. परवा तिसरे थालीपीठ घेताना (तू त्याला ‘चामडे’ म्हणाला होतास, हे ही अजून विसरलेली नाही) त्याने विचारले, की तुम्ही याच गावात घर का घेतले. शाळा चांगल्या आहेत म्हणून, असे मी सांगितले. ‘मीही त्याचसाठी येतो,’ तो म्हणाला, आणि त्यासाठी पहाटे पाचला उठतो हेही सहज सांगून गेला. मग चिरंजीवांकडे वळून म्हणाला, शनिवारी माझा वाढदिवस आहे, बॉस्टनमधल्या डॉर्चेस्टरला आमच्या घरी येशील? चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले आणि मी म्हणालो, ‘बघू, जरा लांब पडते.’ अवघे चौदा मैल, विनायक. तो पोरगा रोज येतो-जातो तेवढेच. दोन वर्षांत आमच्यापैकी एकजणही त्याच्या घरी गेलेला नाही. योजनेची बस शहरातल्या मुलांना गावात आणते. गावातल्या मुलांना शहरात नेणारी बस नाही, आणि ती असावी असे आम्हाला कधी वाटलेही नाही.

तुझे घर तर ओढ्यापलीकडे होते. नववीत तू विचारलेस, ‘फराळाला दर वेळी मीच का यायचे?’ मी काय उत्तर दिले ते तुलाही आठवत असेल. त्यानंतरचा अबोला तूच मोडलास, गणिताची वही मागून. माझे गणित कसे होते हे ठाऊक असूनही.

काल मी स्वतः त्या मुलाला म्हटले, की शनिवारी आम्ही दोघे येतो. तो चटकन म्हणाला, ‘राहू द्या काका, तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.’ इतक्या सभ्यपणे मला आजवर फक्त तूच वाचवले आहेस. तरी जाणार आहे. चकल्यांचा डबा भरून ठेवला आहे.

मुख्याध्यापक झालास, अभिनंदन. लेकीचा साखरपुडा कधी ते कळव. आईंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या